कडेवरचं लेकरू

रघूआप्पांचा वस्तरा श्रेयसच्या उजव्या कानावर आला आणि थांबला.

मी समोरच बसले होते, पदर पसरून. आमच्याकडं जावळाचे केस आत्यानं पदरात झेलायचे असतात. मामानं भाच्याला मांडीवर घ्यायचं, न्हाव्यानं वस्तरा चालवायचा, आणि आत्यानं मध्ये बसून फुकटचा मान मिळवायचा. एस.टी.त कंडक्टर असल्यामुळं मला एरवी मिळणारा मान म्हणजे "ओ बाई, सुट्टे द्या की" एवढाच. म्हणून हा माहेरचा मान वसूल करायला मी मिरजेहून खास रजा टाकून विट्याला आले होते.

"का हो आप्पा? धार गेली का?" मी विचारलं.

"धार हाय," रघूआप्पा म्हणाले. मग मान खाली घालून हळूच म्हणाले, "अक्का, जरा हिकडं बघा."

कानाच्या वर, दाट केसांखाली दडलेली एक सूज होती. कडेनं हिरवट-पिवळी, आणि मधोमध भरत आलेली चीर. अकरा महिन्यांचं लेकरू. त्याच्या डोक्यावर एवढं मोठं काहीतरी आणि वरून जावळ कसं कुरळं, देखणं, सगळ्यांनी कौतुक करावं असं.

"हे काय झालंय?" मी मान वर करून विचारलं.

"पाळण्यातनं पडला," आई म्हणाली.

"उंबऱ्यावर आपटला," सारिका म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्या आणि एकदमच गप्प झाल्या. गाडीत नवरा-बायकोनं दोन वेगवेगळी गावं सांगितली की मी समजते, कुणीतरी तिकीट चुकवतंय. सारिका, माझी भावजय, पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती. आई उगाचच हळदी-कुंकवाचं ताट इकडचं तिकडं करत होती.

"लेकरं पडत्यातच की अक्का," बजा म्हणाला. बजा म्हणजे बजरंग, माझा धाकटा भाऊ, श्रेयसचा बाप. नवा शर्ट घालून सकाळपासून मोबाईलवर पोराचे फोटो काढत होता. चांदीचा करगोटा, चांदीचे वाळे, सगळी हौस. पोरावर त्याचा जीव आहे याबद्दल त्या मांडवात कुणालाही शंका नव्हती, मलाही नव्हती. "आप्पा, उरका बघू. पंगत खोळंबलीय."

रघूआप्पांनी पुन्हा वस्तरा उचलला. पोर वळवावं म्हणून मामानं, म्हणजे सारिकाच्या भावानं, दिगंबरनं, श्रेयसचा डावा हात धरून वर केला आणि पोरानं अशी किंकाळी फोडली की दारातलं कुत्रंसुद्धा उठून उभं राहिलं. त्या दिवशी गल्लीतले माग बंद होते. एरवी आमच्या गल्लीत यंत्रमागाचा एवढा खडखडाट असतो की शेजारच्या घरात कुणी ओरडलं तरी ऐकू जात नाही. त्या दिवशी मात्र ती किंकाळी पार कोपऱ्यापर्यंत गेली असणार.

"ताई, ह्याचा हात..." दिगंबर घाबरून म्हणाला.

मी पदर झटकून उठले. "चल सारिका. डॉक्टरकडं."

"जावळ अर्धं टाकून?" बजाचा आवाज चढला. "अपशकुन असतो अक्का! लोक काय म्हणतील?"

"अर्ध्या डोक्यानं कुणी मरत नाही," मी म्हणाले. "तू अख्खं डोकं घेऊन तरी काय दिवे लावलेस?"

पाहुणे हसले. बजाही ओशाळा हसला आणि त्या हसण्याच्या आडोशानं मी सारिकाला पोरासकट रिक्षात बसवलं. मी नको म्हणत असतानाही आई येऊन माझ्या शेजारी घुसली. रिक्षा गल्लीबाहेर पडायच्या आत तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

"पुष्पे, उगं वाढवू नगंस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मुठीत काय हाय ते तर बघू," मी म्हणाले.

*

डॉ. देशिंगकर म्हणजे बाजारपेठेतल्या मुलांच्या डॉक्टरीणबाई. बुटक्या, चष्मेवाल्या, फार न बोलणाऱ्या. अर्धं डोकं भादरलेलं पोर बघून त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, पण डोक्यावरची सूज बघितली आणि ते गेलं. त्यांनी श्रेयसचे डोळे बघितले, पोट दाबून बघितलं, गळ्याजवळ बोट फिरवलं. तिथं बोट लागताच पोर पुन्हा कळवळलं. मग हाडांचे फोटो काढायला पाठवलं.

फोटो आले तसे त्यांनी ते उजेडाच्या पेटीवर लावले आणि आम्हा तिघींना जवळ बोलावलं.

"हे गळ्याखालचं हाड. मोडलं होतं, आता जुळायला लागलंय. दोन-तीन आठवडे तरी झाले असतील. डोक्याला लागलंय ते त्याच्या नंतरचं. कवटीला तडा नाही, ते नशीब. पण म्हणजे हा दोनदा पडलाय. चालतो का हा?"

"न्हाई. रांगतोय," सारिका म्हणाली.

"रांगणारं मूल एवढं जोरात कुठून पडेल?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"बजा मारतो का पोराला?" मी सारिकाचा खांदा धरून विचारलं.

"न्हाई वन्सं!" तिनं चटकन श्रेयसच्या डोक्यावर हात ठेवला. "पोराच्या गळ्याची आन. पोराला त्यांनी कधी बोट लावलं न्हाई. ते मला मारत्यात."

भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं, तशा आवाजात तिनं ते सांगितलं. मला ठाऊक नव्हतं. सणाला आलेल्या पाहुणीला घर सणासारखंच दिसतं. भाऊ तापट आहे एवढं माहीत होतं, पण आमच्या घरातले सगळेच तापट, मी धरून.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि सारिकाच्या समोर बसल्या. "ते तुला मारतात तेव्हा बाळ कुठं असतं?"

सारिकानं एकदा आईकडं बघितलं.

"कडंवर."

"दर वेळी?"

"मी घेते." मग भडाभडा बोलायला लागली. "आईंनी सांगितलं हुतं. त्यांचा आवाज चढला की पळत जाऊन पोर कडंवर घ्यायचं. बापय माणूस लेकरू बघून हात आवरतो. पहिल्यांदा आवरला बी. दुसऱ्यांदा बी आवरला. मग एकदा न्हाई आवरला. बुक्की मला हुती, पण मी अशी फिरले आन् ह्याच्या गळ्यापाशी बसली. आन् गेल्या आठवड्यात त्यांनी तांब्या फेकला, त्यो..." तिनं बोट श्रेयसच्या कानाकडं नेलं. "ते लई रडले मग. पोराला छातीशी धरून रडले. म्हणाले, तू मधी आणलंस पोराला, तुज्यामुळं झालं."

"आवरतोच बापय माणूस!" आई एकदम म्हणाली. आवाजात भांडण होतं. "आमच्या येळंला आवरायचेच. गल्लीतल्या साऱ्या बाया असंच करायच्या. नवरा अंगावर आला की लेकरू कडंवर. माझ्या सासूनं मला शिकवलं, मी हिला शिकवलं. मी न्हाई का पुष्पीला..."

तिथं ती थांबली, आणि तिची नजर माझ्या डाव्या हातावर आली.

माझा डावा हात कोपरात सरळ होत नाही. फार नाही, थोडासा वाकडा राहतो. तिकिटाची पेटी अडकवायला उलट सोयीचा, असं मी डेपोतल्यांना सांगते. वर्षाची असताना झोळीतून पडले, असं मला कळायला लागल्यापासून सांगितलेलं. मीही नवऱ्याला, सासूला, पोरांना तेच सांगत आलेली.

"आई, मी झोळीतनं पडले हुते न्हवं?"

आईनं हातावरची नजर काढून घेतली.

"आई?"

"झोळीतनं न्हाई," ती म्हणाली. "तू कडंवर हुतीस. तुज्या बाच्या हातात मागाचा धोटा हुता. त्यानं मला मारला. मी वळले."

माग चालवणाऱ्यांच्या घरात वाढलेल्याला धोटा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. हातभर लांब, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या असलेलं ते लाकूड उभ्या सुतातून इकडून तिकडं धावतं. मी लहानपणी त्याच्याशी खेळायची. मला वाटलं होतं मला रडू येईल, पण आला तो संताप. मेलेल्या बापाचा आला, बजाचा आला, आणि मागच्या पिढ्यांतल्या त्या सगळ्या शहाण्या सासवांचा आला, ज्यांनी सुनांना ढाल कुठली घ्यायची ते शिकवलं, पण मारणाऱ्याचा हात धरायला एकीनंही शिकवलं नाही.

"आवरायचेच म्हणालीस की," मी म्हणाले.

आईनं वाकून श्रेयसचा पाय हातात घेतला, वाळा फिरवून सारखा केला आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, "बाई, ह्यो धडसा ऱ्हाईल न्हवं?"

"आत्ताचं भरून येईल. लहान मुलांची हाडं लवकर जुळतात," त्या म्हणाल्या. "डोक्याचंही ह्या वेळी निभावलं. पण आजी, पुढच्या वेळी तांब्या चार बोटं इकडं आला, तर मी काही करू शकणार नाही. हे मूल आज ज्या घरात परत जाणार, तिथं तो हात असणार का, एवढंच मला सांगा. आणि हे पोलिसांना मला कळवावं लागेल."

"कळवा," आई म्हणाली.

मी चमकून तिच्याकडं बघितलं. सव्वा लाखाची मूठ तिनं एका शब्दात उघडली होती.

*

आम्ही परतलो तेव्हा पहिली पंगत बसली होती. बजा हातात शिऱ्याचं पातेलं घेऊन आग्रह करत फिरत होता. श्रेयसचा हात फडक्यानं छातीशी बांधलेला बघून त्यानं पातेलं खाली ठेवलं.

"काय झालं? काय म्हणाली डाक्टरीण?"

"हाड मोडलंय," मी म्हणाले. माझा आवाज गाडीच्या मागच्या बाकापर्यंत जाणारा आहे. पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत गेला. "तुझ्या बुक्कीनं. आन् डोकं तुझ्या तांब्यानं फुटलंय."

वाढणारे हात थांबले. बजाचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला.

"आईची शपथ अक्का! मी पोराला मारलं? मी?" त्याचे डोळे खरोखर भरून आले. "ह्या पोरासाठी मी जीव देईन!"

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हिशेबात त्यानं पोराला कधीच मारलं नव्हतं, फक्त बायकोला मारलं होतं, आणि ते तो मोजतच नव्हता. मग त्याचं लक्ष सारिकाकडं गेलं.

"तू बोललीस? चारचौघांत माझी अब्रू घालवतीस?"

त्यानं हात उचलला. पाहुण्यांदेखत, भरल्या पंगतीत.

आणि सारिकानं काय केलं, तर खांद्यावरचं झोपलेलं लेकरू सर्रकन कडेवर घेतलं. विचार करून नव्हे. डोळ्यापुढं धूळ उडाली की पापणी मिटते, तसं. त्याच्यात आणि तिच्यात आता श्रेयस होता, अर्धं डोकं भादरलेला, बांधलेल्या हाताचा. मांडवातल्या प्रत्येकानं ते बघितलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला फोटो दाखवून समजावलं होतं, ते इथं कुणालाही समजवावं लागलं नाही.

आई पुढं झाली. उंचीनं ती बजाच्या छातीला लागते. तिनं सारिकाच्या कडेवरून लेकरू काढलं, माझ्या हातात दिलं, आणि सारिकाला हातानं मागं सारलं.

"मार," ती बजाला म्हणाली. "आता मधी लेकरू न्हाई. मी हाय. मार."

"आई, तू बाजूला हो."

"लई वर्सं बाजूला हुते. तुज्या बाच्या येळंला बी बाजूला आन् तुज्या येळंला बी. आता न्हाई हुनार."

बजाचा हात हवेतच होता. दिगंबर पानावरून उठला. त्याच्या मागं शेजारच्या कमळामावशी उठल्या, उष्ट्या हातानंच. मग पंगतीतल्या बाया एकेक करून उठल्या. कोपऱ्यात रघूआप्पाही उठले, आणि हातात वस्तरा आहे हे लक्षात आल्यावर घाईघाईनं तो पाठीमागं लपवला. एवढी माणसं एवढी गप्प उभी राहिलेली मी त्यानंतर कधी बघितली नाही.

हात खाली आला.

"ह्या घराची वीट न् वीट मी मागाच्या कांड्या भरून घातलीय," आई म्हणाली. "बोटं झिजलीत माजी. घर माज्या नावावर हाय. हितं आता सून आन् नातू ऱ्हातील. तू चपला घाल."

"मी जाऊ? मी? ही ऱ्हानार आन् मी जाऊ?"

"व्हय. दर येळी बाईनंच पोर काखंत मारून माहेरी जायाचं, आसं कुटं लिवलंय?"

बजानं माझ्याकडं बघितलं. "अक्का, तू तरी सांग की हिला."

माझा तो धाकटा भाऊ. त्याच्या लहानपणी मी त्याला शाळेत पोचवलंय, त्याच्यासाठी मारामाऱ्या केल्यात. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण हातातलं लेकरू झोपेतच कण्हलं, आणि मला बोलायला जड गेलं नाही.

"बजा, दार उघडंच हाय," मी म्हणाले.

नोकरीत मी कितीतरी दारुड्यांना गाडीतून उतरवलंय. गाडी थांबवावी लागते, ड्रायव्हरला खाली यावं लागतं, शिव्या खाव्या लागतात. आईनं तिच्या पोटच्या पोराला आवाज न चढवता उतरवलं. त्यानं चपला घातल्या, एकदा दारातून वळून बघितलं, आणि गेला.

मांडवात कुणाला काय करावं ते सुचेना. शिरा गार होत होता. शेवटी रघूआप्पा खाकरले.

"अक्का, ऱ्हायलेलं उरकू का? पोरगं लई अर्धवट दिसतंय."

आधी कमळामावशी हसल्या, मग दिगंबर, मग सगळा मांडव. आई पदरानं डोळे पुसत हसत होती. आणि सारिका, जिचं हसणं तिच्या लग्नानंतर ऐकल्याचं मला आठवत नव्हतं, ती भिंतीला टेकून इतकी हसली की खाली बसली. जखमेभोवतीचे चार केस सोडून रघूआप्पांनी उरलेलं जावळ उतरवलं, मी पदरात झेललं, आईनं टकलावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. अपशकुन काही झाला नाही.

*

पुढचं थोडक्यात सांगते. बजा इचलकरंजीला गेला आणि अजून तिथंच मागावर आहे. कोर्टानं त्याला घरात पाऊल टाकायला बंदी केली. तो पोराला भेटतो, पण कोर्टानं ठरवून दिलेल्या जागी, दुसऱ्यांसमोर. सारिकानं शिलाईचं दुकान टाकलं. आता तिच्या हाताखाली दोघी आहेत. श्रेयस अकरावीला आहे आणि कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळतो. चढाईला जातो तेव्हा मी डोळे झाकते, सारिका झाकत नाही.

पण मला त्या दिवसाचं विचाराल तर आठवते ती दुपार, पोलीस ठाण्यातली. जेवणं उरकून आम्ही तिघी तिकडं गेलो होतो. टेबलामागं एक प्रौढ हवालदार होते. त्यांनी आईला बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "तक्रार कुणाची आजी?"

"सुनंची," आई म्हणाली. "साक्ष माजी."

"कुणाविरुद्ध?"

"माज्या ल्योकाविरुद्ध."

हवालदारांनी पेन उचललं होतं, ते क्षणभर तसंच राहिलं. मग त्यांनी सारिकाकडं बघितलं. ती श्रेयसला कडेवर घेऊन उभी होती. मी हात पुढं केला, म्हटलं, दे माझ्याकडं. तिनं मान हलवली. आपल्याच हातानं तिनं त्याला खाली फरशीवर बसवलं, पदर नीट केला आणि टेबलासमोर सरळ उभी राहिली. दोन्ही हात मोकळे. अशी मोकळी उभी राहिलेली मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

"सांगा बाई," हवालदार म्हणाले. "मारहाण झाली तेव्हा मूल कुठं होतं?"

"माज्या कडंवर हुतं," सारिका म्हणाली. "हितनं म्होरं न्हाई ऱ्हानार."

आणि ती बोलायला लागली. श्रेयस टेबलाचा पाय धरून उभं राहायचा प्रयत्न करत होता. एका हातानं जमेना, तरी पुन्हा पुन्हा करत होता.